घरातील शुश्रूषा आणि घरातील न्याय

आपल्या कुटुंबव्यवस्थेची थोरवी गाणाऱ्यांची महाराष्ट्रात कधीच वाण पडलेली नाही. पाश्चात्त्य देशांत म्हातारी माणसे परक्यांच्या हातून औषध घेऊन परक्यांच्या घरी मरतात, आमच्याकडे मात्र मनुष्य आपल्या माणसांत डोळे मिटतो, हे वाक्य व्याख्यानांतून आणि लग्नाच्या पंगतींतून इतक्या वेळा ऐकू येते की, ते कितपत खरे आहे हे पाहण्याचे श्रम कोणी घेत नाही. त्यात मुळीच तथ्य नाही असे आमचे म्हणणे नव्हे. घरात कोणी अंथरुणास खिळले म्हणजे गावाकडचा चुलता रात्रीच्या एस्टीने येऊन उभा राहतो, मेहुणा रक्त द्यावयास दंड पुढे करतो, भावजय आपल्या पाटल्या मोडून डॉक्टरांचे बिल भागविते आणि शेजारीण न सांगता पोरांचे डबे भरते. हे सर्व आम्ही पाहिलेले आहे व त्याची किंमतही आम्ही जाणतो. ज्या समाजात सरकारी रुग्णालयाच्या ओवरीत नातेवाईक नसता रोग्यास पाण्याचा घोट मिळण्याची पंचाईत, त्या समाजात गोतावळा ही काही केवळ शोभेची वस्तू नव्हे.

परंतु हा सारा धावा चार दिवसांचा असतो. दुखणे आठवड्याचे असले तर गोत धावते, महिन्याचे झाले की ते पांगते, आणि सहा महिन्यांचे झाले की खाटेपाशी एकच मनुष्य उरते. ते कोण, हे वाचकांस सांगावयास नको. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील पुरुष चारचौघांत बायकोचे नाव न घेता 'आमचे कुटुंब' असे म्हणत. 'रोग्याची शुश्रूषा कुटुंब करते' हे वाक्य त्या जुन्या अर्थाने घेतले तर अक्षरशः खरे आहे. नव्या अर्थाने घेतले तर त्यात पुष्कळ खोट आहे.

ही खोट किती, ह्याचा आकडाही आता उपलब्ध आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली देशभर लोकांच्या वेळेच्या वापराची पाहणी केली. तीत १५ ते ५९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ४१ स्त्रिया घरातील माणसांची देखभाल करताना आढळल्या. त्याच वयाच्या पुरुषांचे प्रमाण शेकडा २१.४ भरले. हे काम करणाऱ्या स्त्रिया दिवसाकाठी सुमारे १४० मिनिटे त्यात घालवीत, पुरुष ७४ मिनिटे. ह्यात स्वयंपाक, धुणेभांडी व पाणी भरणे धरलेले नाही. तो हिशेब निराळा असून तो ह्याहून लाजिरवाणा आहे. शिवाय बापाने पोरास संध्याकाळी बागेत फिरविले तर तीही मिनिटे पुरुषांच्या ७४ मध्येच जमा होतात, हे ध्यानात ठेविले पाहिजे. रात्री दोन वाजता उठून पिकदाणी धुणाऱ्या पुरुषांची मिनिटे कोणी निराळी मोजली असती तर काय निघाले असते, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

प्रश्न नुसत्या श्रमविभागाचा असता तर आम्ही त्यावर एवढी शाई खर्चिली नसती. घराची रचना अन्यायाची असली म्हणजे रोग बरा होण्यासही ती आड येते, असे आमचे म्हणणे आहे. आणि ते दाखविण्यास क्षयरोगाइतके चांगले उदाहरण नाही. हा रोग घरात येतो, घरात पसरतो आणि घरातच बरा होतो. जगातील दर चार क्षयरोग्यांपैकी सुमारे एक आज आपल्या देशात आहे. तेव्हा हा विषय कोणा दूरच्या दरिद्री वस्तीचा आहे, अशी कोणी समजूत करून घेऊ नये.

ह्या रोगाशी महाराष्ट्राची ओळख जुनी व दुःखाची आहे. रोगाचे जंतू सापडल्याचे रॉबर्ट कॉक ह्यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केले. पुढे पाच वर्षांच्या आतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी पुणे येथे ह्याच रोगाने वारल्या. अमेरिकेस जाऊन वैद्यकाची पदवी मिळवून आलेल्या ह्या बाईंस अद्याप बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. चौदाव्या वर्षी त्यांस झालेले मूल दहा दिवसांत गेले होते, आणि स्त्रियांस स्त्री डॉक्टर पाहिजे ही गोष्ट त्या दुःखातून त्यांच्या मनाने घेतली होती. जंतू सापडले होते, परंतु औषध सापडावयास आणखी अर्धे शतक लोटावयाचे होते. तोपर्यंत ज्यांस ऐपत होती त्यांनी रोग्यास पाचगणीची किंवा मिरजेची हवा दाखविली आणि ज्यांस नव्हती त्यांनी त्यास माजघराच्या अंधारात निजविले.

१९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन हाती आले व त्यामागोमाग इतर औषधे निघाली, तेव्हा एक मोठाच व्यावहारिक प्रश्न उभा राहिला. औषध तर आहे, पण एवढ्या रोग्यांस खाटा कोठून आणावयाच्या? ह्याचे उत्तर युरोपातून नव्हे, मद्रासेतून मिळाले, हे आपल्याकडे फार थोड्यांस ठाऊक आहे. १९५६ साली मद्रास येथे ह्या कामासाठी एक केंद्र स्थापन झाले. तेथे गरीब वस्तीतील १९३ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन भाग केले. एका भागास आरोग्यधामात ठेवून विश्रांती, चांगले अन्न व औषध दिले. दुसऱ्या भागास तेच औषध देऊन आपापल्या खोलीत, त्याच दाटीत, त्याच निकृष्ट अन्नावर राहू दिले. वर्षाअखेर पाहतात तो दोन्हीकडचे रोगी जवळजवळ सारख्याच प्रमाणात सुधारलेले! ह्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, घरी राहिलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांस रोग अधिक प्रमाणात जडला असेही आढळले नाही. रोग पसरावयाचा तो बहुतांशी औषध सुरू होण्यापूर्वीच पसरलेला असतो. एकदा नेमाने औषध पोटात जाऊ लागले की काही आठवड्यांत रोग्यापासूनचा धोका झपाट्याने उतरतो. हा निकाल १९५९ साली प्रसिद्ध झाला आणि आरोग्यधामांचे युग तेथेच संपले. घर हेच रुग्णालय ठरले.

ह्या शोधाचे वर्णन बहुधा खर्चाची बचत म्हणून केले जाते. आम्हांस त्यात निराळेच काही दिसते. घर हे रुग्णालय ठरले ह्याचा अर्थ असा की, घरातील चालीरीती ह्या त्या दिवसापासून उपचाराचा भाग झाल्या. रुग्णालयात कोणास किती दूध द्यावयाचे हे डॉक्टर ठरवितो. घरी ते सासूबाई ठरवितात. रुग्णालयात खिडकी उघडी ठेवण्याचा नियम असतो. घरी 'वारा बाधेल' म्हणून ती लाविली जाते. रुग्णालयात रोग्यास रोगाचे नाव सांगतात. घरी ते त्याच्यापासून, व्याह्यांपासून आणि कधी कधी घरातल्या सुनेपासूनही लपवितात.

खिडकीचेच पाहा. क्षयाचे जंतू खोकण्या-शिंकण्याबरोबर हवेत उडतात आणि बंद, कोंदट खोलीत तरंगत राहतात. उघड्या हवेत व उजेडात त्यांचे बळ राहत नाही. ताट, वाटी, पेला, कपडा ह्यांतून हा रोग पसरत नाही. आता आमच्या घरांतून काय चालते? रोग्याचे ताट-पेला वेगळे काढून मोरीच्या कोपऱ्यात ठेवितात, त्याच्या चादरीस कोणी हात लावीत नाही, नातवंडांस त्याच्या मांडीवर बसू देत नाहीत. आणि रात्री सारे घर दारे-खिडक्या लावून त्याच एका खोलीत निजते! म्हणजे जी खबरदारी घ्यावयाची ती घेतलेली नाही आणि जी निरर्थक व अपमानकारक ती मात्र काटेकोरपणे पाळलेली आहे. ह्यास अज्ञान म्हणावे तर डॉक्टर व आशाताई हे वारंवार सांगतात. आमच्या मते ताट वेगळे काढण्याची सवय आमच्या हाडीमासी खिळलेली आहे ती रोगाच्या भीतीने नव्हे. ती आम्ही पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच कारणासाठी गिरविली आहे. रोग हे तिला मिळालेले नवे निमित्त.

आता ताटात काय पडते ह्याकडे वळू. २०१९ ते २०२२ ह्या काळात झारखंडात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव व त्यांचे सहकारी ह्यांनी जो प्रयोग केला तो प्रत्येक गृहस्थाने वाचावा असा आहे. दोन हजार आठशे क्षयरोगी आणि त्यांच्या घरातील दहा हजारांवर माणसे त्यात होती. औषध सर्वांस सारखेच आणि रोग्यास कोरडा शिधाही सर्वत्र दिलेला. फरक इतकाच की, निम्म्या भागात रोग्याच्या घरातील इतर माणसांसही दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. पुढे ह्या घरांवर लक्ष ठेवले तेव्हा, ज्या घरी साऱ्यांस शिधा मिळाला होता तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण शेकडा ३९ नी कमी आढळले. थुंकीत जंतू सापडणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाचे तर शेकडा ४८ नी. २०२३ च्या ऑगस्टात 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्राने हे प्रसिद्ध केले. काही लस नव्हे, काही नवे यंत्र नव्हे. तांदूळ आणि डाळ! रोग्यांतही, ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले त्यांच्यातील मृत्यू पुष्कळ कमी झाले.

ह्या प्रयोगातून सरकारने घ्यावयाचा धडा सरळ आहे. रोग्यास पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत असत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. ही वाढ योग्यच झाली, परंतु रक्कम रोग्याच्या नावे येते आणि खाणारी तोंडे पाच असतात. तथापि आज आम्हांस सरकारपेक्षा घराशी भांडावयाचे आहे. शिधा घरात आला तरी तो घरातल्या घरात कोणत्या क्रमाने वाटला जातो? आधी पुरुष, मग मुले, मग सासू, आणि भांड्याच्या तळाशी जे लागलेले असेल ते सुनेस. अर्धपोटी शरीर क्षयास लवकर बळी पडते, हे आता निर्विवाद आहे. आणि घरातील रोग्याच्या श्वासाशी सर्वांत अधिक वेळ जिचा संबंध येतो ती ही अर्धपोटी बाईच. रोग्याजवळ सर्वांत अधिक बसणारी आणि सर्वांत शेवटी जेवणारी ही एकच व्यक्ती असावी, अशी योजना एखाद्या शत्रूनेच क्षयाच्या सोयीसाठी केली असती. आम्ही ती परंपरा म्हणून चालविली आहे.

आणि तिलाच रोग जडला म्हणजे? तेव्हा कुटुंबाच्या महतीचा खरा कस लागतो. नवरा आजारी पडला तर बायको सहा महिने, वर्ष, दीड वर्ष खाटेशी खिळून राहते आणि ह्याबद्दल तिची कोणी विशेष वाखाणणीही करीत नाही, कारण ते तिचे कर्तव्यच समजले जाते. बायको आजारी पडली तर पुष्कळ घरी पहिला विचार सुचतो तो तिला माहेरी धाडण्याचा. 'तेथे आराम मिळेल' असे म्हणतात. आराम मिळतोही, परंतु बरी झाल्यावर न्यावयास कोणी येत नाही, असेही घडते. उपवर मुलीस रोग झाला तर आईबाप तो शेजाऱ्यांपासून लपवितात, दूरच्या दवाखान्यात नेतात, गोळ्या पिठाच्या डब्यात ठेवितात. आणि लग्न ठरले की सासरी त्या घेता येणार नाहीत म्हणून चार महिन्यांतच उपचार बंद! साध्या क्षयास सहा महिन्यांचा नेम लागतो. मध्येच सोडलेला रोग औषधास न जुमानणारा होऊन परत येऊ शकतो, आणि मग उपचार लांबतो, कडक होतो व शरीरास जाचतो. ज्या अब्रूसाठी मुलीच्या जिवाशी हा खेळ खेळावयाचा, ती अब्रू कोणत्या जातीची वस्तू आहे हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही. २०२१ पासून रोग्याच्या घरातील सर्व वयांच्या माणसांस तपासून, रोग नसल्यास प्रतिबंधक औषध देण्याचे सरकारी धोरण आहे. परंतु घरात रोग आहे हे कबूल केल्याशिवाय त्याचा लाभ कोणी कसा घ्यावा?

येथे कोणी सनातनाभिमानी गृहस्थ म्हणतील की, शुश्रूषा हा स्त्रीचा स्वभावधर्म आहे. पुरुषाच्या हाताला ती कोमलता नाही. ह्या आक्षेपास उत्तर द्यावयास नवे काही शोधण्याची गरज नाही. शुश्रूषा ही उपजत असती तर तिच्या शाळा काढाव्या लागल्या नसत्या. १९०९ साली पुणे सेवासदन स्थापन झाले. रमाबाई रानडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथून स्त्रियांस, त्यांत विधवांसही, परिचारिकेचे काम शिकण्यास पाठविले, तेव्हा परपुरुषास हात लावणार काय म्हणून ओरडा करणारे हेच स्वभावधर्मवाले होते. म्हणजे फुकट केली तर शुश्रूषा हा स्वभाव आणि वेतन घेऊन केली तर तो अनाचार! ज्वर मोजणे, अंथरुणावरच्या माणसाची कूस बदलणे, पाठीस जखमा होऊ न देणे, औषधाची वेळ पाळणे, आणि रोगी चिडला असता त्याच्यावर न चिडणे, ह्या साऱ्या शिकण्याच्या गोष्टी आहेत. ज्या हातांस मोटारीचे चाक जमते त्या हातांस त्या जमणार नाहीत असे मानण्यास आधार नाही.

जोतीराव फुले ह्यांस १८८८ साली पक्षाघात होऊन उजवे अंग लुळे पडले. त्यांनी डाव्या हाताने लिहिणे चालू ठेविले आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरे केले. ते लिहून होत असता दोन वर्षे त्यांचे सर्व करणे सावित्रीबाईंकडे होते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. त्या वेळी सावित्रीबाई स्वतः टिटवे हाती घेऊन अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या असे सांगतात. पुढे १८९७ च्या प्लेगात त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत ह्यांनी पुण्याजवळ हडपसरच्या बाजूस ससाणे मळ्यात दवाखाना काढला, तेथे रोग्यांची सेवा करीत असता सावित्रीबाईंस प्लेगाने गाठले आणि १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. सावित्रीबाईंच्या ह्या मरणाची आठवण दरवर्षी भाषणांतून निघते. परंतु त्या घरात मुलगाही सेवेस उभा होता, ही गोष्ट मात्र कोणी फारशी सांगत नाही.

शुश्रूषेचा भार घराबाहेरही वाटून घेता येतो. केरळात कोझिकोड येथे १९९३ साली असाध्य रोग्यांच्या वेदना शमविण्यासाठी एक संस्था निघाली. तिच्यापासून पुढे अशी पद्धत वाढली की, गावातील शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, मजूर ह्यांनी थोडे शिक्षण घ्यावे आणि आठवड्यातून काही तास आपल्या वस्तीतील अंथरुणास खिळलेल्या माणसांकडे जावे; डॉक्टर व परिचारिका पाठीशी असाव्यात. २००८ साली त्या राज्याने ह्याविषयी स्वतंत्र धोरणच ठरविले. ह्यात रोग्याचे भले होते ते होतेच. परंतु त्या तीन तासांत घरची बाई बाजारात जाऊन येऊ शकते, न्हाऊ शकते, किंवा दार लावून नुसती झोपू शकते. आमच्याकडे गणेशमंडळे, भजनीमंडळे, तालमी व महिला बचतगट ह्यांचे जाळे गल्लोगल्ली आहे. वर्गणीच्या वेळी प्रत्येक घराचा दरवाजा ज्यांस ठाऊक असतो त्यांस त्या दाराआड कोण निजून आहे हे ठाऊक नसते, असे आम्हांस वाटत नाही.

असो. काही दुखणी बरी होतात, काही होत नाहीत. मृत्यूच्या प्रसंगी आमच्या समाजात ज्या रूढी आहेत त्या सर्वच टाकाऊ आहेत असे आम्ही मुळीच मानीत नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठले-भाकरी आणून वाढतात आणि 'दोन घास खाऊन घ्या' म्हणून हातास धरून बसवितात. ह्या चालीत जो शहाणपणा आहे तो शंभर उपदेशांत नाही. दहा दिवस कोणी ना कोणी घरात बसून राहते, गेलेल्या माणसाच्या गोष्टी निघतात, रडू येते, मध्येच हसूही येते. दुःखी माणसास एकटे सोडू नये हे आमच्या पूर्वजांस नीट कळले होते. पुढे ह्या चालीस जो फाटा फुटला तो असा की, समाचारास येणाऱ्यांसाठी चहाची आधणे ठेवण्याचे आणि तेराव्याच्या पंगतीचे ओझे पुन्हा त्याच घरावर पडले. औषधासाठी काढलेल्या कर्जात जेवणावळीचे कर्ज मिसळले. हा भाग मात्र खुशाल सोडावा.

परंतु ज्या चालीविषयी बोलताना आमच्या लेखणीस संयम राहत नाही ती निराळीच आहे. ज्या बाईने नवऱ्याची दीड वर्ष थुंकी काढली, त्याच्या तोंडात घास घातला, रात्री जागविल्या, स्वतःचे पोट मारले, त्याच बाईस तो गेल्यावर चार बायका धरून बसवितात, तिच्या हातांतील बांगड्या फोडतात, कपाळाचे कुंकू पुसतात, मंगळसूत्र व जोडवी काढून घेतात. आणि पुढे जन्मभर तिचा पाय मंगलकार्यात नको असतो, कारण 'तिनेच नवऱ्यास खाल्ले'. त्यास क्षयाने खाल्ले, दारूने खाल्ले, कोरोनाने खाल्ले, हे डॉक्टरांनी लिहून दिलेले असते. तो दाखला समाजास मान्य नसतो. शुश्रूषेचे श्रेय कुटुंबास आणि मृत्यूचा दोष तिला, असा हा न्याय आहे. सांत्वनाची सर्वांत अधिक गरज ज्या व्यक्तीस आहे तिलाच त्या घटकेस शिक्षा सुनावणारी दुसरी एखादी रूढी आमच्या पाहण्यात नाही.

कोणी म्हणतील, ह्या जुन्या गोष्टी झाल्या. जुन्या झालेल्या गोष्टींची यादी आम्हांसही ठाऊक आहे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. विधवांच्या केशवपनास हात लावणार नाही असा निर्धार मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या प्रेरणेने १८९० साली केला. १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांनी विधवेशी विवाह केला व १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. केशवपन आज कोठे दिसत नाही, म्हणजे हजार वर्षांची म्हणून मिरविणारी चालही जाऊ शकते. परंतु बांगड्या फोडण्याची चाल गेली असती तर कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातील हेरवाड ह्या गावास ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव करण्याचे कारण पडले नसते. कोरोनाच्या साथीत तरण्या बायका विधवा झाल्या, त्यांच्यावर हे विधी होताना लोकांनी डोळ्यांनी पाहिले, आणि राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी त्यांच्याच मुलखातील ह्या गावाने ठरविले की, आमच्या हद्दीत कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे व जोडवी काढणे बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असे सांगितले. गावाने पुढे जावे आणि सरकारने मागून यावे, असा योग आपल्याकडे विरळाच.

त्या ठरावात शिक्षेचे कलम नाही म्हणून काही टीकाकारांनी नाक मुरडले. कायदा होईल तेव्हा होवो. परंतु मयताच्या अंगणात पोलीस शिपाई उभा करून बांगडी वाचेल असे आम्हांस वाटत नाही. ती वाचेल ती त्या चार बायकांपैकी एकीने हात मागे घेतल्यास, किंवा गेलेल्या माणसानेच आधी सांगून ठेविले असल्यास. ह्या चळवळीस चालना देणारे करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे ह्यांनी हेच केले. आपल्या पश्चात आपल्या पत्नीवर हे विधी लादू नयेत, असे प्रतिज्ञापत्र त्यांनी जिवंतपणी लिहून ठेविले आणि आणखीही काही पुरुषांनी त्यांचे अनुकरण केले.

असा कागद करणाऱ्यांस आमची एक सूचना आहे. कुंकवाबरोबर पोटाचीही तजवीज त्यात करावी. हिंदू विधवेस नवऱ्याच्या मिळकतीत वाटा देणारा १९३७ चा कायदा मध्यवर्ती सभेत ज्यांनी नेटाने पुढे रेटला ते डॉ. गो. वि. देशमुख धंद्याने मुंबईचे शल्यवैद्य होते. रोगी दगावल्यावर त्याच्या बायकोचे काय होते हे त्यांनी जवळून पाहिले असेल. त्या कायद्याने तिला मिळाला तो केवळ हयातीपुरता हक्क. १९५६ च्या कायद्याने मुलांच्या बरोबरीचा पुरा वाटा दिला. तरीही दहाव्या-बाराव्या दिवशी दीर एक कागद पुढे करतो आणि रडून डोळे सुजलेली बाई त्यावर अंगठा किंवा सही करते, हे घडतेच. सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय राज्य सरकारने १९९२ साली लक्ष्मीमुक्ती योजनेने करून दिलेली आहे. तेव्हा नवऱ्याने धडधाकट असतानाच तलाठ्याकडे जाऊन ते नाव लावून घ्यावे; बँकेची खाती, विम्याचे कागद व देणीघेणी कोठे आहेत हे प्रतिज्ञापत्रासोबत लिहून ठेवावे; आणि तो सर्व कागद पत्नीस, कर्त्या मुलांस व भावांस एकत्र बसवून वाचून दाखवावा. कपाटात कुलूपबंद राहिलेला कागद बहुधा तेराव्यानंतर सापडतो, आणि बांगड्या पहिल्याच दिवशी फोडतात.